एकोणीस ऑगस्टचा झेल

सकाळचे सात वीस झाले की अमेरिकेतल्या लिंडहोम गावातले लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नसत. मॅरिट टॉलेफ्सनचा आवाज आला, म्हणजे सात वीस झाले. गावच्या रेडिओवर तिचा सहा मिनिटांचा कार्यक्रम असायचा, 'आजची तारीख'. बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात संपली की ती लाकडी खोक्यातून त्या दिवसाचं कार्ड काढायची आणि बेसबॉलच्या इतिहासात आजवर या तारखेला काय काय घडलं ते वाचायची. कुणी बारा डाव एकाही फलंदाजाला पुढे सरकू दिलं नाही आणि तेराव्यात हरला, कुणी एकाच दिवशी दोन शहरांत दोन वेगवेगळ्या संघांकडून खेळला. शेतकरी दूध काढताना ऐकायचे, शाळेच्या बसचा ड्रायव्हर ऐकायचा, न्हावी तर दुकान उघडायच्या आधी खुर्चीत स्वतःच बसून ऐकायचा.

प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ मात्र लिंडहोमची असे. गाव वीटभट्ट्यांचं, म्हणून संघाचं नाव ब्रिकर्स. पगारी खेळाडूंच्या उतरंडीत अगदी तळाचा संघ. बासष्ट साली तो बंद पडला आणि मैदानाच्या जागी धान्याची उंच कोठारं आली. पण कार्डांवर ब्रिकर्स अजून खेळत होते. मॅरिटच्या आधीच्या निवेदकाने हिरव्या शाईत एकेक सामना टिपून ठेवला होता. मॅरिटने तीनशे पासष्ट कार्डं त्याच्याकडून घेतली आणि बावीस वर्षं वाचली.

एकोणीस ऑगस्टच्या कार्डावर दोन नोंदी होत्या. पहिली सगळ्या देशाला ठाऊक असलेली. १९५१ साली सेंट लुईसच्या संघाने एडी गेडल नावाच्या साडेतीन फुटी माणसाला खरोखरच्या सामन्यात फलंदाजीला उतरवलं. चेंडू टाकायचा कुठे तेच बिचाऱ्या पिचरला कळेना, चारही चेंडू बाहेर गेले, आणि गेडल बॅट न हलवता फुकटात पहिल्या तळावर पोचला. ही नोंद वाचताना मॅरिटला दरवर्षी हसू यायचं.

दुसरी नोंद वाचताना कधीच आलं नाही. '१९५९. लिंडहोम विरुद्ध डकेट. शेवटचा, नववा डाव, दोघे बाद, लिंडहोम एका धावेने पुढे. लॅडी वोंड्राच्या हातून सोपा झेल सुटला. डकेटच्या दोन धावा. ब्रिकर्स ३-२ ने हरले. पिचर आर्नी टॉलेफ्सन, चौदा बळी.'

आर्नी टॉलेफ्सन हे मॅरिटचे वडील, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या घराण्यातले. त्या दिवशी मोठ्या क्लबांसाठी पोरं हेरणारा एक स्काउट खास त्यांचा खेळ बघायला आला होता. झेल सुटला, सामना गेला, स्काउट निघून गेला, आणि आर्नी बापाच्या शेतावर परत आले ते कायमचेच. गावात ही गोष्ट अशीच सांगितली जाई. मॅरिटच्या घरात तर ती सांगायचीही गरज नव्हती. लॅडी वोंड्रा चेक वंशाचा, मुख्य रस्त्यावर त्याची बेकरी होती. त्याच्या हातचे कोलाचे, आलुबुखाराच्या सारणाचे ते मऊ चेक पाव, खायला लोक परगावाहून यायचे. टॉलेफ्सनांच्या घरी ते कधी आले नाहीत. मॅरिटची आई पावासाठी अकरा मैल गाडी हाकत दुसऱ्या गावी जायची. का, असं मॅरिटने लहानपणी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "तुझ्या डॅडना त्या दुकानाचा वास सोसत नाही."

तेव्हा दरवर्षी एकोणीस ऑगस्टला 'सोपा झेल' हे दोन शब्द मॅरिट जरा जास्तच दाबून वाचायची. आपण तसं करतो हे तिला कळत होतं. बापाच्या बाजूने एवढं तरी, असं तिला वाटे.

२००९ साली मात्र तिने ती नोंद वाचली नाही.

त्याला कारण घडलं होतं. मार्चमध्ये लॅडीची बायको ब्लांश गेली. त्यानंतर पंधराएक दिवसांनी मॅरिटने त्याला किराणा दुकानात पाहिलं. कपड्यांच्या साबणाच्या फळीसमोर म्हातारा उभा होता. एक डबा उचलायचा, वास घ्यायचा, ठेवून द्यायचा, दुसरा उचलायचा. मॅरिट भाजी घेऊन, दूध घेऊन परत आली तरी तो तिथेच. घरात कुठला साबण आणतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि नाकाने तो ते शोधत होता. ते दृश्य तिच्या मनातून जाईना. त्या माणसाचं नाव घेऊन 'सोपा झेल' म्हणायला ऑगस्टमध्ये तिची जीभ रेटेना. गेडलचा किस्सा तिने थोडं पाणी घालून वाढवला, हवामान सांगितलं आणि माइक बंद केला.

नऊच्या सुमाराला रेडिओच्या कचेरीचं दार वाजलं. दारात लॅडी वोंड्रा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात टोपी.

"माझं नाव राहिलं," तो म्हणाला.

मॅरिट गडबडून उभी राहिली. "मिस्टर वोंड्रा, बसा ना. कसलं नाव?"

"सोंग नको करूस. आज एकोणीस ऑगस्ट. गेडल आला, मी आलो नाही. तो बुटका तेवढा ध्यानात राहिला आणि सहा फुटांच्या मला विसरलीस?"

"विसरले नाही. मुद्दाम गाळलं." मॅरिटला खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "मला वाटलं, यंदा तुम्हाला ते ऐकवणं बरं नाही. मिसेस वोंड्रा गेल्या, आणि त्यात हे..."

"आणि त्यातच हे पाहिजे होतं, पोरी." तो खुर्चीत टेकला. टोपी गुडघ्यावर ठेवली. "दरवर्षी आजच्या दिवशी ब्लांश रेडिओ मोठा करायची. मी बेकरीच्या भट्टीवरून यायचो तोवर तिने कॉफी ओतलेली असायची. तू माझं नाव घेतलंस की ती टाळ्या वाजवायची. म्हणायची, 'घ्या, आलं आमच्या धन्याचं नाव रेडिओवर! गव्हर्नरचं सुद्धा इतक्या नेमाने येत नाही.' मग आम्ही हसायचो. बावीस वर्षं हसलो. तुझ्या आधीचा तो वाचायचा, तेव्हाही हसायचो. आज मी दोन कप ओतले. म्हटलं, नाव येईल, तिच्या वाट्याच्या टाळ्या मीच वाजवीन. तर तू सरळ हवामानावर उतरलीस."

आपण ज्याला टोचणी समजत होतो ती त्या घरात टाळ्यांनी घेतली जात होती, हे मॅरिटच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "बाराच्या बातम्यांनंतर माझ्याकडे वीस मिनिटं मोकळी आहेत. तुम्हीच सांगता का त्या दिवसाची गोष्ट? पन्नास वर्षं झाली आज."

"मी? रेडिओवर?" त्याने शर्टाची कॉलर चाचपली. "बरं झालं, हा घालून आलो."

"रेडिओवर शर्ट दिसत नाही, मिस्टर वोंड्रा."

"ब्लांशला दिसला असता," तो म्हणाला.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो माइकसमोर बसला, आणि पहिल्या दोन वाक्यांनंतर असा काही सुटला की मॅरिटला प्रश्न विचारावेच लागले नाहीत.

"बुधवार होता. बुधवारी दुपारनंतर दुकानं बंद असायची, म्हणून सामना दुपारचा. बाराशे माणसं. भट्टीवरचे लोक लाल धुळीने माखलेले, तसेच कामावरून आलेले. तिकिटाच्या खिडकीत ब्लांश बसायची. तेव्हा ती माझी कोणी नव्हती, मला तिकिटाची गरज नव्हती, तरी मी रोज खिडकीवर जाऊन किती तिकिटं खपली ते विचारायचो. आणि आर्नी! आर्नीसारखा चेंडू फेकणारा मी पुन्हा पाहिला नाही. मी मधल्या मैदानात उभा असायचो, मला काम नसायचं. त्याचा चेंडू निघाला की फलंदाजाच्या पाठीकडून यायचा, आणि शेवटच्या घटकेला गाय गोठ्यात वळते तसा आत वळायचा. माणसं चेंडू गेल्यावर बॅट फिरवायची. त्या दिवशी सात डावांत त्याने बारा जणांना असं मूर्ख बनवलं. लोक नंतर म्हणाले, आठव्यापासून तो दमला. दमला कसला! आठव्यापासून त्याने वळणारा चेंडू टाकलाच नाही. नुसता सरळ, नुसता सरळ, आणि तरीही आणखी दोघांना..."

लॅडी एकदम थांबला. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून तो घोटभर प्याला.

"तर मग नववा डाव," तो घाईने म्हणाला. "दोघे बाद, दोघे तळांवर, तिसरा बाद झाला की सामना आमचा. डकेटच्या फलंदाजाने चेंडू वर उडवला. लोकांनी माझ्यासाठी पुष्कळ सबबी शोधल्या. कुणी म्हणालं ऊन डोळ्यांवर आलं, कुणी म्हणालं भट्टीचा धूर आडवा आला. सगळे चांगले लोक. पण ऊनही नव्हतं, धूरही नव्हता. चेंडू स्वच्छ दिसत होता. त्याची लाल शिवणसुद्धा दिसत होती. ग्लव्हमध्ये आला, मी तो मिटला, आणि चेंडू गवतावर. अजून मला सांगता यायचं नाही, कसा. बाराशे माणसं होती, पण चेंडू गवतावर पडल्याचा आवाज मला ऐकू आला."

फोन वाजायला लागले. कुणाचे वडील त्या सामन्याला होते, कुणाच्या आजोबांनी त्या रागात टोपी भट्टीत टाकली होती. एक बाई नुसतं 'लॅडी, ब्लांशची आठवण येते रे' एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

माइक बंद झाल्यावर मॅरिट दारापर्यंत त्याला सोडायला गेली. तिच्या डोक्यात मघापासून एकच वाक्य घोळत होतं. बापाचा तो वळणारा चेंडू हेच तर त्यांचं हत्यार. स्काउट समोर बसलेला असताना, एका धावेने पुढे असताना, कुणी आपलं हत्यार म्यान करील?

"मिस्टर वोंड्रा, आठव्या डावापासून डॅडनी वळणारा चेंडू का नाही टाकला?"

लॅडीने टोपी डोक्यावर नीट बसवली. मग पुन्हा काढली, पुन्हा बसवली.

"म्हातारपणी तोंडाला कुलूप राहत नाही," तो म्हणाला. "ते तू तुझ्या बापाला विचार. मी सांगायची गोष्ट नाही ती."

आई गेल्यापासून मॅरिट शेतावरच्या घरी वडिलांबरोबर राहत होती. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा आर्नी मागच्या पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होते. बाहत्तर वर्षांचे, अंगाने अजून ताठ. फक्त उजवा हात कोपरापासून कधीच सरळ होत नसे. ट्रॅक्टर दुरुस्त करताना मुरगळला, असं मॅरिट जन्मापासून ऐकत आली होती.

"ऐकलं का रेडिओ?" तिने विचारलं.

"ऐकला." कणसाचे केस काढता काढता ते म्हणाले, "बोलतो चांगलं. पहिल्यापासूनच बडबड्या."

"डॅड, आठव्या डावात काय झालं होतं?"

आर्नींनी ते कणीस टोपलीत ठेवलं. दुसरं घेतलं नाही. समोर मक्याचं शेत वाऱ्यावर सळसळत होतं. ते शेताकडे बघतच बोलले.

"कोपर जुलैतच गेलं होतं. दुसऱ्या गावी खेळताना कट् करून आवाज आला, फांदी मोडावी तसा. कुणाला बोललो नाही. लॅडी आणि मी एका खोलीत राहायचो, लोखंडी सामानाच्या दुकानावर. रात्री तो मला बर्फ आणून द्यायचा, हात बांधून द्यायचा. त्याच्याकडून शपथ घेतली होती. त्या दिवशी सात डाव कसेबसे काढले. आठव्यात बोटं बधिर झाली. वळवू म्हटलं तर चेंडू हातात आहे की नाही तेच कळेना."

"आणि स्काउट? तो तर झेल सुटला म्हणून..."

"झेल सुटला म्हणून कुठला स्काउट जातो, मॅरिट? तो दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीवर आला. म्हणाला, 'मी झेल बघायला येत नाही, मी हात बघायला येतो. सोमवारी माझ्यासमोर अर्धा तास टाकून दाखव, कराराचा कागद तयार आहे.' लॅडी तिथेच होता, मोजे धूत होता." त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवला. "सोमवारी मी गेलो नाही. काय दाखवणार होतो? गावात आलो तर लोकच म्हणायला लागले, 'त्या वोंड्राने तुझं वाटोळं केलं.' पहिल्या दिवशी मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोलणं कठीण झालं. महिन्याने तर तेच खरं झालं होतं."

"आईला तरी सांगितलंत?"

"तिलाही नाही."

मॅरिटच्या डोळ्यांपुढे आई आली. बर्फात, काचेवरचं धुकं हाताने पुसत, अकरा मैल जाणारी आणि अकरा मैल येणारी. मग ती स्वतः आली, माइकसमोर बसून 'सोपा झेल' दाबून म्हणणारी.

"आणि बावीस वर्षं मी ते वाचत होते तेव्हा तुम्ही आत स्वयंपाकघरात ऐकत होतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "एकदा तरी, डॅड! एकदा तरी म्हणायचंत, 'मॅरिट, तेवढी ओळ राहू दे.' मी तुमच्यासाठी वाचत होते ते!"

"ठाऊक होतं मला. म्हणून तर तोंड उघडवत नव्हतं."

ती आत निघून गेली. त्या संध्याकाळी दोघं वेगवेगळ्या वेळी जेवली. लग्न मोडून ती घरी आली होती तेव्हाही तिने बापाशी असा अबोला धरला नव्हता. राग खोटेपणाचा होताच, पण त्याहून जास्त, आपल्या प्रेमाचा असा वापर झाला त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कामावर निघाली तर आर्नी गाडीत येऊन बसलेले. चर्चला जाताना घालायचा कोट, हजामत केलेली, हनुवटीवर ब्लेडची चीर.

"कुठे?" तिने विचारलं.

"बेकरी किती वाजता उघडते?"

"सहाला."

"मग चल."

बेकरी आता लॅडीची सून चालवायची, पण सकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी लॅडी असायचाच. त्या दिवशी आणखी पाच-सहा माणसं होती. न्हावी होता, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, धान्याच्या कोठारावरचे दोघे होते. आर्नी टॉलेफ्सन दारातून आत आले तेव्हा कॉफी ढवळणारे चमचे थांबले. पन्नास वर्षांत त्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आर्नी टेबलापर्यंत गेले. बसले नाहीत.

"लॅडी," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "माझं वाटोळं तुझ्या झेलाने झालं नाही. हात जुलैतच मोडला होता. स्काउट दुसऱ्या दिवशी आला होता, मीच गेलो नाही. लोक तुला बोलत राहिले, मी बोलू दिलं. हे सगळ्यांनी ऐकावं म्हणून इथे आलोय."

"अरे हळू," लॅडी खेकसला. "गिऱ्हाईक आहे दुकानात!"

"गिऱ्हाइकासाठीच बोलतोय."

"पन्नास वर्षं मी तोंड दाबून बसलो ते काय फुकट? शपथ तू घातलीस, मोडलीस पण तूच. मला तरी विचारायचंस!" लॅडीचे कान लाल झाले होते. रागाने की कशाने, ते मॅरिटला कळेना. "आणि एक सांगतो. झेल तर मी सोडलाच होता ना? तो काही कुणी खोटा लिहिला नव्हता. हातात आला होता, सुटला. तुझ्या कोपराचं काही का असेना, बाराशे माणसांचा सामना मी घालवला. ते माझं आहे. ते तू घेऊन जाऊ नकोस."

न्हाव्याने खुर्ची ओढून आर्नींच्या मागे सरकवली. ते बसले. सुनेने कुणी न सांगता कॉफी आणि आलुबुखाराचा एक पाव आणून ठेवला.

"तू का नाही सांगितलंस?" आर्नींनी विचारलं. "शपथ कसली, पोरवयातली गोष्ट. आम्ही तुला नाही नाही ते बोललो. माझी बायको तुझ्या दुकानावरून जाताना मान फिरवायची."

लॅडीने कप हातात फिरवला.

"पहिल्यांदा शपथ होती म्हणून. मग तुझं लग्न झालं, ही पोर झाली. म्हटलं, माणसाजवळ एक तरी चांगली गोष्ट असावी, अमक्याने नशीब हिरावलं नसतं तर मोठा झालो असतो, अशी. माझ्याजवळ बेकरी होती, ब्लांश होती. तुझ्याजवळ तेवढीच होती. ती हिरावून घेऊन कुठे जाऊ?"

"ब्लांशला ठाऊक होतं?"

"तिला सगळं ठाऊक होतं. दरवर्षी म्हणायची, 'एक दिवस आर्नी येईल बघ. त्या दारातून येईल आणि कॉफी मागेल.' मी म्हणायचो, तो नॉर्वेकर, तो दगड आहे, तो कसला येतोय. आमची पैज होती." लॅडीने खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता अजून रिकामा होता. "मार्चच्या आधी यायला हवं होतंस रे, आर्नी. फेब्रुवारीत आला असतास, तरी तिने ओळखलं असतं."

आर्नींनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. कोठारावरचे दोघे उठून हळूच बाहेर गेले. मॅरिटला वाटलं, आता बाप रडेल, पण ते रडले नाहीत. त्यांनी पुढ्यातला पाव उचलला आणि दोन घासांत खाल्ला. आलुबुखाराचं सारण ओठाला लागलं होतं.

"चांगला आहे," ते म्हणाले.

"पन्नास वर्षं चांगलाच आहे," लॅडी म्हणाला. "दुसरा घे."

मॅरिट धावतपळत सात एकोणीसला माइकसमोर पोचली. वीस ऑगस्टचं कार्ड तिने कसंबसं वाचलं. दुपारपर्यंत बेकरीतली गोष्ट गावभर झाली होती, रेडिओची गरजच पडली नाही. हिरव्या शाईतली आदल्या दिवसाची नोंद बदलून टाकावी असं तिच्या मनात आलं. तिने फोन करून लॅडीला विचारलंही. तो म्हणाला, "एक अक्षर खोडलंस तर बघ. पुढच्या वर्षी ते वाच. फक्त तो 'सोपा' शब्द एवढा दाबू नकोस. तू दाबतेस ते मला आणि ब्लांशला पहिल्या वर्षापासून कळत होतं." मॅरिटने फोन कानाशी धरून तिथेच डोळे मिटून घेतले.

बापावरचा तिचा राग एका दिवसात गेला नाही. तो उतरायला सप्टेंबर उजाडला, आणि तेव्हाही सगळा गेला असं नाही. पण त्याच महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आर्नी म्हणाले, "मला वोंड्राच्या बायकोकडे जायचंय," तेव्हा तिने न बोलता गाडीची किल्ली घेतली. वाटेत त्यांनी लॅडीला घेतलं.

चेक लोकांची दफनभूमी गावाबाहेर टेकाडावर होती. तिन्ही बाजूंनी सोयाबीन, पिवळं पडू लागलेलं. लॅडीने लांबून हाताने जागा दाखवली आणि तो फाटकाशीच थांबला. "जा, तू एकटा जा," तो म्हणाला. "ती माझ्यासमोर मोकळं बोलत नाही." आर्नी टोपी काढून चालत गेले. दगडासमोर ते बराच वेळ उभे होते. त्यांचे ओठ हलताना मॅरिटला दिसले. परत आले तेव्हा लॅडीने विचारलं, "काय म्हणालास?"

"ते तिचं आणि माझं."

"बरं. तसंच असू दे."

परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर शेजारी बसले. पहिले दोन मैल मागे पडले. मग आर्नी म्हणाले, "त्या सालची बस आठवते? डकेटला जाताना ओढ्यात अडकलेली?"

"ओढ्यात नव्हती, चिखलात होती. आणि तू ढकलायला उतरला नाहीस, हात जपतोय म्हणालास."

"जपतच होतो! तो ड्रायव्हर केवढा चिडला. जाडा, एका डोळ्याचा. नाव काय त्याचं?"

"अरे तो, सारखा तंबाखू थुंकायचा तो. हे बघ, ओठावर आहे. क्लॅरेन्स?"

"क्लॅरेन्स आपला कॅचर होता, गाढवा."

"मग तूच सांग."

दोघांनाही सांगता येईना. बसचा रंग आठवला, तिच्या तुटक्या खिडकीला लावलेला पुठ्ठा आठवला, ड्रायव्हरच्या कुत्रीचं नाव रोझी होतं तेही आठवलं. ड्रायव्हरचं काही केल्या आठवेना. घर येईपर्यंत ते त्याच्यावरच वाद घालत होते. मॅरिट आरशातून त्यांच्याकडे बघत गाडी चालवत राहिली. बावीस वर्षांचे आर्नी टॉलेफ्सन तिने कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी ती जेवण वाढत असताना भिंतीवरचा फोन वाजला. तिने उचलला तोच पलीकडून कुणी ओरडलं, "ऑर्व्हिल! त्याला सांग, ऑर्व्हिल!" आणि फोन बंद झाला.

"डॅड," ती म्हणाली, "ऑर्व्हिल."

आर्नींनी काटा खाली ठेवला. मग ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत हसले. उठून फोनपाशी गेले. बेकरीवाल्याच्या घरचा नंबर त्यांना माहीत नव्हता. मॅरिटने सांगितला, त्यांनी डाव्या हाताने एकेक आकडा दाबला.

"ऑर्व्हिल काय?" ते फोनमध्ये म्हणाले. "आडनाव? अर्धवट कशाला फोन करतोस? आणि ती एका डोळ्याची गोष्ट खरी की..."

मॅरिटने त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, बटाटे निवू नयेत म्हणून. मग स्वतःचं ताट घेऊन ती मागच्या पायरीवर जाऊन बसली.